धातूचा शिणवटा : खाच आणि तडा

(ग्रामीण कारागीर व शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



ट्रॉलीचा आस किंवा पंपाचा शाफ्ट एखादे दिवशी अकस्मात मोडतो, तेव्हा आपण लोखंडाला नाही तर दैवाला दोष देतो. परंतु पुष्कळदा त्या मोडण्याचा प्रारंभ फार पूर्वीच झालेला असतो.

8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या पुढील इंजिनाचा आस मोडला. डबे एकमेकांवर आदळले, आग लागली व पन्नासाहून अधिक माणसे दगावली. हादऱ्यांमुळे लोखंडाचे तंतू जाऊन ते स्फटिकमय व ठिसूळ होते, असा त्या काळी समज होता. 1843 मध्ये रँकिन या तरुण स्कॉटिश अभियंत्याने दाखविले की, आसाची जाडी जेथे एकदम बदलते, त्या कोनाशी तडा जन्मतो व हळूहळू आत सरकतो. पुढे जर्मनीत व्होलर यांनी आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. एकदा सहज पेलेल असा भारही लाखो वेळा उलटसुलट पडल्यास आस मोडू शकतो, हे त्यांनी सिद्ध केले.

असे का व्हावे? धातू सूक्ष्म कणांचा बनलेला असतो. उलटसुलट ताणाखाली त्या कणांतील थर पत्त्यांच्या कॅटाप्रमाणे मागेपुढे सरकतात व पृष्ठभागावर बारीक चरे उमटतात. 1903 मध्ये युइंग व हम्फ्री यांनी अशा चऱ्यांतूनच तडे उद्भवताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. गुळगुळीत नमुन्यावर ताण बेताचा असेल, तर त्याच्या आयुष्याचा मोठा भाग तडा जन्मण्यातच जातो. खाच असेल तर ताण तिच्या तळाशी एकवटतो. रुंद पट्टीतील लहान गोल छिद्राच्या कडेलाही तो सुमारे तिप्पट होतो. अणकुचीदार खाचेत त्याहून अधिक. साहजिकच तेथे तडा लवकर पडतो.

मोडलेला तुकडा भंगारात टाकण्यापूर्वी अवश्य पाहावा. शिंपल्यावरील वळ्यांसारख्या रेषा असलेला गुळगुळीत भाग हा जुना तडा. खरखरीत भाग शेवटी तुटलेला. वळ्यांच्या उगमाशी बहुधा खाच, गंज किंवा छिन्नीचा घाव सापडतो.

तेव्हा नवा आस घडविताना कोपऱ्यास गोलाई द्यावी, ओरखडे घासून काढावेत, ताणाच्या जागी छिन्नीने खुणा करू नयेत. तडा गेलेला आस वरवर वेल्डिंग करून पुन्हा रस्त्यावर आणू नये. त्या ट्रॉलीत उसाबरोबर माणसेही बसतात.