नकाशा त्यांचा, खुणा आपल्या



फौजेत नकाशा हातात आला की पहिलं काम ठरलेलं. त्यावर पारदर्शक टाल्क चढवायचा आणि चायनाग्राफ पेन्सिलीने आपल्या खुणा करायच्या. खालचा कागद सर्व्हे ऑफ इंडियाचा, वरची माहिती आमची: पाणी कुठे आहे, कुठला ओढा पावसाळ्यात अडवतो, जीप कुठपर्यंत जाते. नकाशा उत्तमच असायचा, पण खुणा केल्याशिवाय तो घेऊन कोणी बाहेर पडत नसे.

आता नकाशा फोनमध्ये आलाय. टाल्क कुठे गेला?

सह्याद्रीत वर्षानुवर्षं फिरणाऱ्या माणसाकडे एक वही असते. कोणत्या गडावरचं टाकं मार्चमध्येच आटतं, कुठल्या टाक्यात मे महिन्यातही पिण्याजोगं पाणी मिळतं. ही माहिती ॲप बनवणाऱ्याकडे नसते. अशा दोनशे नोंदी बोटाने एकेक टाइप करा म्हटलं, तर वही कपाटातच राहणार. म्हणून यादी एकदम आत घेण्याची सोय हवी, आणि ती वापरणाऱ्याच्या हाती हवी. ऑरगॅनिक मॅप्स आणि ऑसमँड जीपीएक्स फाइल उघडतात आणि रेंज नसतानाही खुणा दाखवतात. म्हणजे हे जमण्यासारखं आहे.

मात्र ‘इम्पोर्ट’चं बटण दिलं की काम झालं, असं नाही. पुण्याचे अक्षांश साधारण १८.५२, रेखांश ७३.८५. जीपीएक्समध्ये कोणता आकडा कशाचा, हे लिहिलेलं असतं. केएमएलमध्ये रेखांश आधी येतो. साध्या यादीत रकाने उलटे पडले, तर पुणे नॉर्वेच्या उत्तरेला थेट समुद्रात! ही चूक निदान दिसते तरी. वहीतले १८ अंश ३१ मिनिटं कोणी १८.३१ असे टाइप केले, तर खूण तेवीसएक किलोमीटर दक्षिणेला सरकते. तिथेही डोंगरच असतात, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. ही चूक मला जास्त धोक्याची वाटते.

मराठी नावांचं वेगळंच. एक्सेलमधून साधी सीएसव्ही काढली, तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहू शकते. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडावा लागतो. हे सामान्य माणसाला कोण सांगणार?

इथे ॲप बनवणारी तरुण मंडळी बसली आहेत, त्यांना माझं मागणं आहे. यादी आत घेण्याआधी ती नकाशावर तात्पुरती दाखवा. दोनशेपैकी किती ओळी समजल्या, कोणत्या नाही आणि का, ते मराठीत सांगा. न समजलेली ओळ गुपचूप गाळू नका. आपलं टाकं यादीतून गळलंय हे कुणाला गड चढून गेल्यावर कळू नये. घेतलेली यादी एका फटक्यात काढताही यावी. आणि नोंदीची तारीख जपा. वेळ न लिहिलेली खबर आम्ही अर्धीच मानायचो.

बाकीच्यांनी घरी गेल्यावर वहीतल्या पाचच नोंदी घ्या. नाव, अक्षांश, रेखांश, तारीख. पहिल्या ओळीत मात्र स्वतःचं घर टाका. फाइल उघडल्यावर घर आपल्या गल्लीत दिसलं, तरच उरलेली वही टाइप करायला बसा.

हं, विचारा प्रश्न. वेळ आहे अजून.