शिक्षा जितकी मोठी, तितकी चौकशी चोख



सकाळच्या लोकलमध्ये एखादं मराठी वर्तमानपत्र हातोहात फिरत असतं. डोंबिवलीत किंवा कल्याणात इतके इतके ग्रॅम एमडी पकडल्याची बातमी असली, की डब्यात कुणीतरी हटकून म्हणतं, "असल्यांना भर चौकात फाशी द्यायला हवी." माना डोलतात. त्या रागामागे बापाची काळजी असते, आईची झोप उडालेली असते. तो राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण फाशी म्हटलं, की त्याआधी काय काय व्हायला हवं, याचा विचार आज आपण दहा मिनिटं करू या.

गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ यांच्यासंबंधीचा कायदा १९८५ साली आला. त्याला सगळे एनडीपीएस कायदा म्हणतात. १९८९ साली त्यात '३१ अ' हे कलम घातलं गेलं. ठरावीक गंभीर गुन्ह्यासाठी एकदा शिक्षा झालेला माणूस पुन्हा तशाच गुन्ह्यात सापडला आणि माल ठरावीक वजनाचा असला, म्हणजे हेरॉइन एक किलो किंवा अफू दहा किलो, तर त्याला फाशीच द्यायची, असं हे कलम सांगत होतं. न्यायाधीशाला दुसरा पर्याय नव्हता. मालक कोण, हमाल कोण, कुणाच्या धाकानं कुणी काय केलं, हे पाहायची सोय नव्हती. निकाल जणू तराजूच द्यायचा.

या कलमाखाली २००८ साली मुंबईच्या विशेष न्यायालयानं चरस तस्करीच्या खटल्यात एका आरोपीला फाशी सुनावली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. व्यसनाधीन लोकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनंही या कलमाला आव्हान दिलं होतं. न्यायमूर्ती अजय खानविलकर आणि न्यायमूर्ती ए. पी. भंगाळे यांच्या खंडपीठानं १६ जून २०११ रोजी निकाल दिला. सक्तीची फाशी ही घटनेच्या २१ व्या कलमाशी, म्हणजे जगण्याच्या हक्काशी विसंगत आहे, असं त्यांनी सांगितलं. कलम त्यांनी पुसून टाकलं नाही. 'फाशी दिलीच पाहिजे' याचा अर्थ 'फाशी देता येईल' असा घ्यायचा, एवढंच ठरवलं. त्या आरोपीची फाशी पुढे रद्द झाली आणि त्याला दीर्घ कारावास मिळाला. २०१४ साली संसदेनंही कायदा त्याच दिशेनं बदलला.

हा विचार काही आभाळातून पडला नव्हता. जन्मठेप भोगणाऱ्या कैद्यानं खून केला तर फाशीच, असं सांगणारं भारतीय दंड संहितेतलं ३०३ वं कलम सर्वोच्च न्यायालयानं १९८३ सालीच घटनाबाह्य ठरवलं होतं. गुन्हा आणि गुन्हेगार या दोघांकडे पाहिल्याशिवाय जीव घेता येत नाही, असं त्यामागचं साधं तत्त्व आहे. एनडीपीएस कायद्याखाली आपल्या देशात आजवर कुणालाही प्रत्यक्ष फाशी दिलेली नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं.

आता मुद्दा खटल्याचा. एरवी गुन्हा सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर असतं. या कायद्यात ते बरंचसं आरोपीच्या खांद्यावर सरकतं. माल ताब्यात सापडला, की तो जाणूनबुजून बाळगला असंच गृहीत धरतात. व्यापारी प्रमाणाइतका माल असेल तर जामीन जवळपास दुरापास्त. एमडीच्या बाबतीत हे प्रमाण अवघं ५० ग्रॅम आहे. म्हणून कायद्यानंच काही कुंपणं घातली आहेत. मिळालेली खबर लिहून ठेवायची. अंगझडतीपूर्वी त्या माणसाला सांगायचं, की राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेट यांच्यासमोर झडती मागण्याचा तुला हक्क आहे. हे काटेकोर पाळलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१० साली बजावलं. नमुने मॅजिस्ट्रेटसमोर घ्यायचे, सील करायचे, प्रयोगशाळेत पाठवायचे. आणि अधिकाऱ्यांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही, हे २०२० साली ठरलं.

एखादा आरोपी सुटला, की आपण म्हणतो, "तांत्रिक मुद्द्यावर सुटला." श्रोते हो, हा तांत्रिक मुद्दा म्हणजे काय? पुडी त्याच्याच खिशातून निघाली का, आणि प्रयोगशाळेत पोचलेली पुडी तीच का, एवढंच तर तो विचारतो. पंच नेहमीच्याच ओळखीतले असतील, सील कुणाच्या ताब्यात होतं याची नोंदच नसेल, तर उद्या कुणाच्याही पोराच्या दप्तरात पुडी सापडू शकते. पंचनाम्यातली हयगय गुन्हेगाराला सोडवते आणि निरपराधाला अडकवते. दोन्हीकडून नुकसान आपलंच.

आपल्या ठाण्याचंच उदाहरण घ्या. २०१६ साली ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या एका कारखान्यातला एफेड्रिनचा प्रचंड साठा जप्त केला. देशभर गाजावाजा झाला. एका माजी अभिनेत्रीचं नाव आरोपी म्हणून पुढे आलं आणि वर्षानुवर्षं चघळलं गेलं. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयानं तिच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला, कारण पुरेसा पुरावाच नव्हता. आठ वर्षं लोकांनी निकाल देऊन टाकलेला होता.

परदेशातली गोष्ट आणखी बोलकी. २०१९ साली मुंबईचं एक तरुण जोडपं कतारला गेलं. नातेवाइकानं सोबत दिलेल्या पाकिटात चरस निघाला. दहा वर्षांची शिक्षा झाली. मुलगी तुरुंगातच जन्मली. इथल्या तपासात त्यांना फसवल्याचं दिसून आलं, खटला पुन्हा चालला आणि २०२१ साली ती निर्दोष सुटून घरी परतली. शिक्षा कारावासाची होती, म्हणून परत येता आलं. सिंगापूरमध्ये १५ ग्रॅमहून अधिक हेरॉइनसाठी फाशीचा कायदा आहे. तिथे २०२२ साली भारतीय वंशाच्या एका मलेशियन तरुणाला फाशी दिली गेली. त्याची बौद्धिक क्षमता बेताची आहे, ही विनवणी कामी आली नाही. शेजारच्या मलेशियानं मात्र २०२३ साली सक्तीची फाशी रद्द केली.

न्यायालयाचीही चूक होऊ शकते का? होते. आपल्याच राज्यातल्या २००३ सालच्या खून आणि बलात्काराच्या एका खटल्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली फाशी ठोठावली होती. त्याच न्यायालयानं २०१९ साली त्या सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्षदर्शी बाईनं पोलिसांच्या छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखलं होतं, आणि त्या दिशेनं तपासच झाला नव्हता. मधल्या दहा वर्षांत दोर ओढला गेला असता तर? गरिबाला चांगला वकील मिळत नाही, तेव्हा असं घडतं. मोफत वकील हा आरोपीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलं. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण त्याचसाठी आहे. तिथे जायला लाजू नका, आणि अडचणीतल्या शेजाऱ्यालाही ती वाट दाखवा.

एमडी विकणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी, जबर व्हायला हवी. पण ती खात्रीनं व्हायची, तर पंचनामा खरा हवा, पंच स्वतंत्र हवेत, प्रयोगशाळेचा अहवाल वेळेवर हवा. विक्रेत्याला फाशीच्या घोषणेची भीती वाटत नाही, न फसणाऱ्या तपासाची वाटते. तेव्हा डब्यात पुन्हा कुणी "फाशी द्या" म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा, "झडती नीट झाली होती का हो?"



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)