माळाच्या वाट्याला किती कायदा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सातारा जिल्ह्यात सरासरी किती पाऊस पडतो, असा प्रश्न परीक्षेत आला तर त्याचं उत्तर लिहिता येतं. पण त्या उत्तराचा उपयोग कुणालाच नसतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, माण तालुक्यात, पाचशेच्या आसपास. त्यांची सरासरी काढून म्हसवडच्या शेतकऱ्याने पेरणी करायची म्हटली, तर बियाणंही हातचं जाईल.

मी माणदेशातला. नोकरीची सगळी वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेली. सरासरीची अशीच एक फसवणूक आपल्या निसर्गाच्या हिशेबात चालते, तिच्याबद्दल आज बोलायचं आहे.

सातारा जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे १०,४८० चौरस किलोमीटर. त्यातलं कोयना अभयारण्य सुमारे ४२३ चौरस किलोमीटरचं. म्हणजे जिल्ह्याची चार टक्के जमीन एकट्या कोयनेमुळे संरक्षित झाली. आकडा अगदीच वाईट नाही. पण ही सगळी जमीन पश्चिमेकडची, सह्याद्रीच्या दाट जंगलाची आहे. पूर्वेकडे माण-खटावच्या माळरानावर राष्ट्रीय उद्यान नाही, अभयारण्यही नाही. २०२१ मध्ये मायणीच्या पक्षी परिसराला संवर्धन राखीवचा दर्जा मिळाला, तो नऊ चौरस किलोमीटरहून कमी क्षेत्राला, आणि तोही मुख्यतः तलावावर येणाऱ्या पक्ष्यांमुळे.

राज्याचं चित्रही असंच आहे. महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा. ताडोबा, पेंच, नवेगाव आणि गुगामल ही चार विदर्भात, चांदोली सह्याद्रीत आणि संजय गांधी उद्यान मुंबईला लागून. सहाही जंगलं आहेत. पर्जन्यछायेतल्या गवताळ माळावर एकही नाही. याचा अर्थ ही उद्यानं नकोत, असा मुळीच नाही. ती आहेत म्हणून वाघ आहे, नद्यांचे उगम आहेत. प्रश्न एवढाच, की राज्यात अमुक टक्के निसर्ग राखला असं आपण म्हणतो, तेव्हा नेमका कुठला निसर्ग राखला?

हे मोजायची रीत समजायला अवघड नाही. त्यासाठी तीन नकाशे लागतात. इथल्या मातीत आणि पावसात मुळात कुठली वनस्पती कुठे वाढत होती, हे पहिला नकाशा सांगतो. त्यातलं आज काय शिल्लक आहे, हे दुसरा सांगतो आणि शिल्लक राहिलेल्यापैकी कशाला कायद्याचं कुंपण आहे, हे तिसरा. तिन्ही एकमेकांवर ठेवायचे आणि टक्केवारी एकत्र न काढता सदाहरित जंगल, पानझडी जंगल, काटेरी झुडपं, गवताळ माळ, कोकणातले कातळसडे अशी प्रत्येकाची वेगळी काढायची. मग कुठला रकाना रिकामा आहे, ते लगेच दिसतं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये माँट्रियलला जगभरातल्या देशांनी २०३० पर्यंत तीस टक्के जमीन राखायचं ठरवलं. त्या ठरावातही, राखलेली जमीन सर्व प्रकारच्या परिसंस्थांचं प्रतिनिधित्व करणारी असावी, असं म्हटलं आहे. तीस या आकड्याची चर्चा खूप झाली, या अटीची फारशी झाली नाही.

माळाचा रकाना रिकामा का राहिला? जुना वनकायदा झाला तो इमारती लाकडासाठी. माळावर सागवान नव्हतं. आजही वन सर्वेक्षणात एक हेक्टर जागेवर झाडांची सावली दहा टक्के असली तर ते वनाच्छादन धरतात. त्यामुळे आमराई त्यात येते, निलगिरीची लागवडही येते. गवताचा माळ मात्र येत नाही. महसुली कागदावर तो पड, पोटखराबा किंवा फार तर गायरान असतो.

काही जण म्हणतात, माळ म्हणजे तोडलेलं जंगलच, त्याला कसलं मूळपण! काही ठिकाणी ते खरंही असेल. पण पश्चिम महाराष्ट्राच्या माळांबद्दल संशोधकांनी जुन्या मराठी कथा, ओव्या आणि चरित्रग्रंथांमधले वनस्पतींचे उल्लेख तपासले. तो अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या साहित्यातही हिवरासारखी, मोकळ्या माळावर वाढणारी काटेरी झाडंच ठळकपणे भेटतात. म्हणजे हा मुलूख काही शतकांपूर्वीही असाच मोकळा होता. मधुसूदन आणि वनक या अभ्यासकांनी देशातल्या अशा निमशुष्क मोकळ्या परिसंस्थांचा नकाशा केला. त्यांचं क्षेत्र सुमारे तीन लाख चौरस किलोमीटर भरलं. त्यातलं संरक्षित क्षेत्रात येतं पाच टक्क्यांहून कमी.

नुसती रेघ ओढूनही भागत नाही, हेही सांगायला हवं. माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात अभयारण्य जाहीर झालं, ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात शेतं आली, गावं आली. लोकांचे जमिनीचे व्यवहार अडले आणि त्यांच्या मनात पक्ष्याबद्दल राग बसला. पुढे ते क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. आज तिथे माळढोक दिसणं दुर्मीळ झालं आहे. म्हणून रेघेच्या आत काय आहे, हे मोजल्याशिवाय टक्केवारीला अर्थ नाही.

आता माझ्या गावच्या माळाचं सांगतो. गावाच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ आहे. पावसाळा संपता संपता मी विद्यार्थ्यांना तिथे नेत असे. एक मीटर लांबी-रुंदीची लाकडी चौकट जमिनीवर ठेवायची आणि आतलं प्रत्येक रोप ओळखून वहीत लिहायचं. पवन्या, मारवेल, कुसळी, मधेच एखादी खरचुडी. पायाखालच्या गवतात इतके प्रकार असतात, याचं मुलांना नवल वाटे. धाविक पक्षी दिसला तर त्या दिवशीचा तास तिथेच संपे.

एका वर्षी गेलो, तर अर्ध्या माळावर चर खणलेले आणि त्यांच्या कडेने गिरिपुष्पाची रोपं लावलेली. मी संबंधित कार्यालयात गेलो. तिथले साहेब सज्जन होते. त्यांनी उतारा पुढे केला. गटनंबरापुढे लिहिलं होतं, पड.

"सर, तिथे काहीच नव्हतं. आम्ही तर हिरवं करतोय," ते म्हणाले.

मला उत्तर देता येईना. त्यांच्या कागदावर खरंच काही नव्हतं. जे होतं ते माझ्या कपाटातल्या वह्यांमध्ये होतं, आणि इतक्या वर्षांत त्या वह्या मी कुणालाही दाखवल्या नव्हत्या. ना ग्रामपंचायतीला, ना तलाठ्याला. परत येताना वाटेत एक मेंढपाळ भेटला. म्हणाला, "गुर्जी, झाडं लावली ते ब्येस झालं, पर मेंढरं कुठं चारायची?" तो प्रश्नही कुठल्याच कागदावर नव्हता.

उपाय नाही असं नाही. कांदळवनांचं उदाहरण घ्या. किनाऱ्यावरच्या त्या झाडांना एके काळी चिखलातली झुडपं समजत. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातल्या कांदळवनांच्या तोडीला मनाई केली आणि उपग्रहाच्या मदतीने त्यांचे नकाशे करायला सांगितले. २०१२ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कक्ष झाला. कांदळवनांना नाव मिळालं, नकाशा मिळाला आणि मग कायदा मिळाला. सिंधुदुर्गात बांबर्डे इथल्या जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल जेमतेम अडीच हेक्टरची, पण तिलाही जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे.

माळाला अभयारण्यच हवं, असं मी म्हणत नाही. बेताच्या चराईवर माळ टिकतो. मेंढपाळाला हाकलून तो वाचवण्यात अर्थ नाही. सरकारी जमिनीवर संवर्धन राखीव आणि लोकांच्या जमिनीवर सामुदायिक राखीव, अशा सोयी वन्यजीव कायद्यात आहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्यामुळे गावाला स्वतःची लोकजैवविविधता नोंदवही ठेवता येते.

त्या वह्या मी कपाटातून काढल्या आणि ग्रामपंचायतीत नेऊन दिल्या. नोंदवहीत माळाचं पान आता भरलं आहे. लागवड झालेला अर्धा माळ परत येईल की नाही, सांगता येत नाही. उरलेला अर्धा अजून आहे, आणि पावसाळा सरताना तिथे चौकट घेऊन जाणारी मुलंही आहेत.

श्रोतेहो, तुमच्या गावालाही माळ असेल, सडा असेल, एखादी देवराई असेल. तलाठ्याकडे जाऊन उतारा पाहा. तिच्यापुढे काय लिहिलं आहे, तेवढं आधी बघून ठेवा.