हॉटेलचे बाक आणि घरची भाकरी



आज मी तुमच्याशी हॉटेलाविषयी चार शब्द बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, शेती सोडून, शाळा सोडून या गुरुजींना हॉटेल कुठून आठवलं? पण मला सांगा, बाजाराला म्हणा, दवाखान्याला म्हणा, कचेरीच्या कामाला म्हणा, सोलापूरला येऊन हॉटेलच्या बाकावर न टेकता गावी परत गेला, असा आपल्यात कोण आहे? एस.टी.तून उतरलं की आधी चहा. काम झालं तर आनंदाचा चहा आणि साहेब जागेवर नसले तर वाट पाहण्याचा चहा! विलायतेत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. आपण तो शब्द उचलला आणि चार पत्रे, दोन बाक आणि एक स्टोव्ह असलेल्या जागेलाही देऊन टाकला. तेव्हा आज मी बोलणार ते याच, आपल्या हॉटेलाविषयी.

सोलापूर हे बाहेर खाणाऱ्यांचे गाव झाले ते गिरण्यांमुळे. १८६० साली इथे आगगाडी आली आणि १८७७ साली पहिली कापड गिरणी सुरू झाली. तिला लोक पुढे 'जुनी गिरणी'च म्हणू लागले. तिच्यामागून आणखी गिरण्या आल्या. दुष्काळाने उठवलेला शेतकरी आला, तेलंगणातला विणकर आला, कर्नाटकातला मजूर आला. यातले कितीतरी गडी एकटे असत, बायकामुले गावाकडे. पाळी सुटल्यावर भाकरी कोण थापणार? म्हणून खाणावळी निघाल्या. महिन्याचे पैसे द्यायचे आणि दोन वेळ जेवायचे. भोंग्यावर गावाचे घड्याळ चाले आणि चहावाल्याचा स्टोव्हही चाले. आज त्या गिरण्या बंद पडल्या आहेत, भोंगे थांबले आहेत. पण खाण्याच्या जागा मात्र राहिल्या.

आणि त्या किती तऱ्हेच्या! पूर्व भागात गेलात तर कानावर तेलुगू पडते आणि पानात भात-आमटी येते. विजापूर वेशीकडे संध्याकाळी निखाऱ्यावर शीक भाजण्याचा वास सुटतो. कुठे पुरीभाजी, कुठे इडली, कुठे गरम भजी. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषांत 'आणखी एक चहा' मागितलेला इथल्या पोऱ्याला कळतो. सोलापूरच्या माणसाला दुसऱ्याची भाषा थोडीथोडी येते, ती शाळेत शिकून नव्हे. मला वाटते, निम्मी तरी ती हॉटेलच्या बाकावर बसून आली असेल.

पण श्रोतेहो, हे बाक पहिल्यापासून सर्वांचे नव्हते, हे विसरून चालणार नाही. एक काळ असा होता, की गावच्या हॉटेलात एका समाजासाठी कपबशी वेगळी असे. ती बाहेर कोनाड्यात पालथी घातलेली असे. ज्याने चहा प्यायचा त्यानेच ती उचलायची, बाहेर उभे राहून प्यायची, स्वतः विसळायची आणि परत पालथी घालायची. पैसे मात्र सगळ्यांइतकेच! नाण्याला विटाळ नव्हता, माणसाला होता. आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपुरात विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. देवाच्या दाराची ही कथा, तर हॉटेलच्या दाराची काय सांगावी?

शिक्षकबंधूंनो, तुम्ही मुलांना राज्यघटना शिकवता. तिचा पंधरावा अनुच्छेद एकदा वर्गात सावकाश वाचून दाखवा. त्यात दुकाने आली आहेत, विहिरी, तलाव, घाट, रस्ते आले आहेत, आणि उपाहारगृहे व हॉटेलेही आली आहेत. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणालाही तिथे मज्जाव करता येणार नाही, असे तिथे लिहिले आहे. एवढ्या मोठ्या देशाची घटना लिहिताना शहाण्या माणसांना हॉटेलचे बाक आठवले. कारण अपमान कुठे होतो हे त्यांना ठाऊक होते. पुढे १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा झाला. कोनाड्यातली कपबशी गेली. पण सगळीकडची गेली का, हे आपण आपल्या गावातच डोळे उघडून पाहावे.

आता बाकावरून ताटाकडे येतो. इथे मला माझी स्वतःची एक चूक सांगायची आहे.

साधारण पस्तीस वर्षांपूर्वी मी पाचवीची मुले घेऊन सोलापूरला सहलीला आलो होतो. भुईकोट किल्ला पाहिला, सिद्धेश्वराचे दर्शन झाले, तळ्याच्या काठाने फिरलो. मुलांना भूक लागली. प्रत्येकाच्या पिशवीत फडक्यात बांधलेली भाकरी होती, शेंगांची चटणी होती, कांदा होता. पण मी मोठा हौशी! म्हटले, पोरांना एकदा हॉटेल दाखवू. वर्गणीतून थोडे पैसे उरले होते. आत शिरताना मी मुलांना बजावले, "इथं कुणी फडकी सोडायची नाहीत बरं का. लोक हसतील." मुलांनी पिशव्या बाकाखाली सरकवल्या. एकाने तर पिशवीवर पाय ठेवला. आईने पहाटे उठून, चुलीपुढे धूर खात थापलेली भाकरी, तिच्यावर पाय! आणि तो ठेवायला शिकवले कोणी? मी.

तेवढ्यात टेबल पुसायला एक पोरगा आला. खांद्यावर फडके, अंगात मालकाचा ढगळ सदरा. माझ्या मुलांनी त्याला ओळखले. तो आमच्याच शाळेतला होता. चौथीच्या मध्यावर यायचा बंद झाला होता, आणि मी रीतीप्रमाणे हजेरीतून त्याचे नाव कमी केले होते. त्याने मला पाहून मान खाली घातली. मग हळूच शेजारच्या मुलाला विचारले, "भाकरी हाय का रं?" बाकाखालची पिशवी वर आली. अर्धी भाकरी आणि चटणी त्याने सदऱ्याच्या आत घातली आणि तो आत निघून गेला. आम्ही वडे खाल्ले.

निघताना मी मालकाला म्हटले, "अहो, हा पोरगा शाळेतला आहे आमच्या." तो काही वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "पोट भरतंय की हो गुरुजी त्याचं हितं. गावाकडं कोण हाय त्याला?" मला उत्तर सुचले नाही.  मी पैसे दिले, मुले मोजली आणि गाडीला लागलो. मुले बरोबर भरली. एक मागे राहिला होता, तो माझ्या मोजण्यात नव्हता.

श्रोतेहो, या एका प्रसंगात दोन गोष्टी आहेत. एक भाकरीची, एक पोराची. आधी भाकरीची सांगतो.

लाज वाटावी असे त्या भाकरीत काय होते? आपली ज्वारी रब्बीची. पाऊस सरता सरता पेरायची आणि काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर, थंडीच्या दहिवरावर ती वाढायची. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी ज्वारी महाराष्ट्राबाहेरही नावाजली, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दाणा माणसाला, कडबा जनावराला. एका पिकावर दोघांचे पोट. पुढे रेशनवर गहू-तांदूळ आले, चपाती ही पाहुण्यांची आणि भाकरी ही घरच्यांची झाली. 'आम्ही भाकरी खातो' हे सांगताना माणूस आवाज खाली करू लागला.

हल्ली झटपट खाण्याची चाल पडली आहे. पुडा फोडला की खाणे तयार. पण आपल्या आयाबायांना ही विद्या आधीच येत होती. पातळ थापलेली भाकरी तव्यावर भाजून, मग मंद आचेवर सुकवत ठेवली, की तिच्यातले पाणी जाते आणि ती कडक होते. पाणी गेले की बुरशी धरत नाही, म्हणून ती कितीतरी दिवस टिकते. उखळात भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरे आणि मीठ घालून तेल सुटेपर्यंत कांडले की चटणी झाली. तीही प्रवासात नासत नाही. वारीला निघालेला, ऊसतोडीला गेलेला, परगावी शिकायला राहिलेला, सगळ्यांचे यावर भागले आहे. सोलापूरचे झटपट खाणे ते हेच. त्याला रंगीत कागद तेवढा नव्हता.

आता बघा गंमत. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचे वर्ष म्हणून पाळले, तेही भारताच्या सूचनेवरून. हमरस्त्यावरच्या ढाब्यांवर 'चुलीवरची भाकरी' अशा पाट्या लागल्या. शहरातले लोक पैसे मोजून रानात हुरडा खायला येतात. सोलापुरात बायका भाकरी केंद्रे चालवतात, आणि कडक भाकरीचे पुडे दूरच्या शहरांत जातात. परवा मीच एका हॉटेलात चटणी-भाकरीचे ताट मागवले आणि चांगले पैसे दिले. पहिला घास तोंडात घालताना मला बाकाखालच्या त्या पिशव्या आठवल्या. जी भाकरी फुकट होती ती मी लपवायला सांगितली, आणि आज तीच विकत घेऊन मिटक्या मारत होतो!

भाकरीला मान आला, चांगले झाले. पण तो मान थापणाऱ्या हाताला आणि पिकवणाऱ्या हाताला पोचतो का, हे विचारले पाहिजे. पाटीवर चूल आणि नऊवारीतली बाई रंगवलेली असते. आतल्या धुरात दिवसाकाठी शेकडो भाकऱ्या थापणाऱ्या बाईला रोज किती पडतो? शाळेतही बघा. मुले डबे उघडतात तेव्हा कोण झाकण अर्धवट ठेवून खातो, इकडे लक्ष असू द्या. येळवशीला आपण शिवारात बसून भज्जी, उंडे आणि आंबील खातो, येईल-जाईल त्याला हाक मारून बसवतो. तिथे कोणाला आपल्या अन्नाची लाज वाटत नाही. तो दिवस वर्षात एकच का असावा?

आता त्या पोराची गोष्ट. दोन आठवडे मला नीट झोप आली नाही. मग मी त्याच्या घरी गेलो. बाप नव्हता, आई दुसऱ्याच्या रानात. ती म्हणाली, "गुरुजी, त्यो पैसे धाडतो त्यावर धाकटी शिकतीया." पुढच्या जूनमध्ये तो परत शाळेत आला खरा, पण दिवाळीनंतर पुन्हा गेला तो गेलाच. यात मी केले ते थोडे, आणि उशिरा केले.

आज मात्र 'कायदा नाही' असे म्हणण्याची सोय नाही. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेल, ढाबा, चहाची टपरी इथे चौदा वर्षांखालील मूल कामाला ठेवण्यास बंदी झाली. २०१६ च्या दुरुस्तीने ही बंदी सगळ्याच कामांना लागू झाली. शाळा सांभाळून, शाळेच्या वेळेबाहेर घरच्या धंद्याला हातभार लावण्याची सूट आहे, तीही काम धोक्याचे नसेल तर. मूल कामाला ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. १०९८ या क्रमांकावर फुकट दूरध्वनी करून अशा मुलाची माहिती देता येते. तुमचे नाव जाहीर होत नाही.

कायद्याने सारे होत नाही, हे मलाही कळते. त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर नुसत्या दंडात नाही. पण हजेरीतून नाव कमी करण्यापूर्वी शिक्षकाने एकदा त्या घरी जावे, एवढे तर आपल्या हातात आहे ना? आणि गावकऱ्यांनी हे नाव कुठे गेले असे विचारावे, एवढे तर त्यांच्या हातात आहे?

तेव्हा श्रोतेहो, हॉटेलात जरूर जा. चहा प्या, भजी खा, चार भाषा ऐका. मीही जाणारच. फक्त बाकावर बसल्यावर तीन गोष्टी पाहून घ्या. माझ्या शेजारी कोणालाही बसता येते ना? ताटात माझे अन्न आले तर मी मान वर करून खातो ना? आणि टेबल पुसायला येतो तो कोण आहे? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देणारा जर तुमच्या कमरेएवढाच उंच असेल, तर चहा थंड झाला तरी चालेल, पण उठून त्याचे नाव आणि गाव विचारा.

मी विचारले होते, पण पैसे देऊन झाल्यावर. तुम्ही आधी विचारा.