अब्बांना आजच विचारा



गोंदियातून पेशंट नागपूरला हलवला की आयसीयूच्या दाराशी मुलांनाच विचारतात: व्हेंटिलेटर लावायचा का? अब्बांची इच्छा कुणालाच माहीत नसते. भावाभावांत वाद होतो, सल कायमचा राहतो.

बरं होण्याची आशा नसताना कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केला. आपल्या वतीने कुणी बोलायचं, तेही लिहिता येतं. 2023 पासून सही दोन साक्षीदारांसमोर आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर केली की झालं. मनात शंका असेल तर डॉक्टर आणि आलिम, दोघांना विचारा.

वसीयतही लिहा. आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज. अम्मींची न दिलेली मेहरही कर्जच. उरलेल्यातून एक तृतीयांशापर्यंत वसीयत, बाकी वारसांचं. त्यात बहिणींचा हिस्सा आहे, विसरू नका. बँकेतला नॉमिनी मालक नसतो, वारसांचा अमानतदार असतो.

मौतचं नाव काढल्याने मौत येत नाही. आज इशाच्या नमाजनंतर अब्बा-अम्मींजवळ बसा. आधी स्वतःच्या उधारीची यादी सांगा, मग त्यांची विचारा.