मुदत संपलेलें यंत्र



घरांतला पंखा जुना झाला म्हणजे कुरकुरूं लागतो. शिवणयंत्र जुनें झालें म्हणजे त्याचा दोरा वारंवार तुटतो. संगणकाचें म्हातारपण मात्र असें कानांवर पडत नाहीं. ज्या दिवशीं तो म्हातारा ठरतो, त्या दिवशींहि तो सकाळीं नेहमीप्रमाणें सुरू होतो, संध्याकाळपर्यंत निमूटपणें काम करतो, आणि आपल्याला कसलीच शंका येत नाहीं. त्याचें वय दूर कोठें तरी, त्याची व्यवस्था रचणाऱ्या कंपनीच्या वहींत लिहिलेलें असतें. अशा, मुदत संपलेल्या यंत्राविषयीं आज मला आपल्याशीं चार गोष्टी बोलावयाच्या आहेत.

मी या विषयांतला पंडित नव्हे. डोंबिवली पूर्वेस, स्टेशनापासून दहा मिनिटांच्या वाटेवर, माझें अक्षरजुळणीचें एक लहानसें दुकान आहे. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंक, कवितासंग्रह आणि क्वचित् एखादा जाड ग्रंथ, असें माझें पंचवीस वर्षांचें काम. लोक त्याला डी.टी.पी. म्हणतात. तेव्हां मी जें सांगणार आहे, तें बहुतेक स्वतःच्या चुकांतून शिकलेलें आहे.

प्रथम हें म्हातारपण म्हणजे काय तें पाहूं. संगणकांत अनेक कार्यक्रम चालतात. एक अक्षरें जुळवितो, दुसरा हिशेब ठेवतो, तिसरा चित्रें दाखवितो. या सर्वांस एकत्र नांदविणारी जी मूळ व्यवस्था, तिला कार्यप्रणाली म्हणतात. चाळींत पाणी केव्हां सोडावयाचें, दरवाजा कोणास उघडावयाचा, जिना कोणीं झाडावयाचा, हें पाहणारा जो कोणी असतो, त्याच्यासारखें तिचें काम. आपल्याकडे घरोघरीं आणि कचेऱ्यांतून जी प्रणाली दिसते, ती मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज. तिचा एक्सपी नांवाचा अवतार २५ ऑक्टोबर २००१ रोजीं बाजारांत आला, आणि ८ एप्रिल २०१४ रोजीं कंपनीनें त्याची देखभाल थांबविली. त्यानंतर विंडोज ७ ची पाळी १४ जानेवारी २०२० रोजीं आली, आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं.

देखभाल थांबते म्हणजे यंत्र बंद पडतें असें नव्हे. थांबते ती दुरुस्ती. लाखों ओळींच्या या रचनेंत कोठें ना कोठें फट राहून गेलेली असते. ती सांपडली कीं कंपनी ती बुजविते आणि आपल्या यंत्रांत ती डागडुजी आपोआप येऊन बसते. मुदत संपल्यावर फटी सांपडत राहतात, बुजविणारा मात्र येत नाहीं. यांत आणखी एक मेख आहे. नव्या प्रणालींतली फट बुजविली गेली, म्हणजे ती कोठें होती हें जाणकार चोरांस कळतें. आणि जुन्या-नव्यांचा पाया पुष्कळ अंशीं एकच असल्यामुळें, तीच फट जुन्या यंत्रांत उघडी राहिलेली असते. शेजाऱ्यानें कुलूप बदललें, म्हणून आपलें त्याच बनावटीचें कुलूप अधिक धोक्याचें झालें, असा हा चमत्कारिक प्रकार आहे.

ही भीति काल्पनिक नाहीं. १४ मार्च २०१७ रोजीं मायक्रोसॉफ्टनें अशीच एक फट बुजविणारी दुरुस्ती प्रसिद्ध केली. पुढें दोनच महिन्यांनीं, १२ मे रोजीं, त्याच फटींतून ‘वॉनाक्राय’ नांवाचा उपद्रव जगभर पसरला. इंग्लंडांतील रुग्णालयांच्या नोंदी कुलूपबंद झाल्या आणि त्या उघडण्यासाठीं खंडणी मागितली गेली. ज्यांनीं दुरुस्ती बसविली नव्हती, त्यांना हा फटका बसला. एक्सपी वापरणारांस तर ती दुरुस्ती मिळालेलीच नव्हती; संकट ओढवल्यावर कंपनीनें अपवाद म्हणून ती त्यांना दिली. त्याच वर्षीं २७ जूनला तशाच दुसऱ्या उपद्रवानें आपल्या खाडीपलीकडच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका धक्क्याचें काम ठप्प केलें. पैसे देणाऱ्या ए.टी.एम. यंत्रांचीहि अशीच कथा. त्यांतलीं कित्येक एक्सपीवर चालत होतीं. तिची देखभाल संपून चार वर्षें लोटल्यावर, जून २०१८ मध्यें, रिझर्व्ह बँकेनें तीं बदलण्याचे टप्पे ठरवून दिले आणि अखेरची मुदत जून २०१९ ठेवली. जेथें बँकांस इतका विलंब लागतो, तेथें डोंबिवलीच्या दुकानदारानें आळस केला, तर नवल तें काय?

आणि आळस मीं केला. २०१४ सालच्या एप्रिलची ती तारीख माझ्या दुकानांत आली आणि गेली. आभाळ कोसळलें नाहीं. उलट मला वाटलें, चला, आतां हें यंत्र सारखें ‘अपडेट’ मागून कामांत व्यत्यय आणणार नाहीं! मी तें सोडीत नव्हतों, याला कारणहि होतें. माझीं सर्व पुस्तकें ज्या अक्षरप्रणालींत जुळविलेलीं होतीं, ती त्या जुन्या विंडोजवरच चाले. तिच्याबरोबर एक बोटभर लांबीचें उपकरण मिळालेलें होतें. आम्ही त्याला ‘लॉक’ म्हणतों. तें छापण्याच्या यंत्राच्या जुन्या, रुंद खोबणींत बसविल्यावांचून अक्षरें उमटत नसत. आणि नव्या संगणकांना तशी खोबणच नसते. ठाण्यापासून कल्याणपर्यंत माझ्या व्यवसायांतले कितीतरी लोक याच कारणानें एखादें जुनें यंत्र कोपऱ्यांत जपून ठेवतात.

२०२२ च्या पावसाळ्यांत कल्याणचे एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे आले. त्यांच्या पत्नीनें मुरबाड-शहापूरकडच्या बायकांच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. त्यांचें पुस्तक मींच २००६ सालीं जुळवून दिलें होतें. तीनशे प्रति छापल्या होत्या. बाई आदल्या वर्षीं वारल्या. वर्षश्राद्धाच्या दिवशीं नवी आवृत्ति आप्तेष्टांच्या हातांत द्यावी, अशी गुरुजींची इच्छा होती. मीं मोठ्या ऐटींत सांगितलें, “गुरुजी, सर्व तयारच आहे. दोन दिवस द्या.”

त्या रात्रीं वीज दोनदां गेली. सकाळीं जुनें यंत्र सुरू होईना. आंतून घड्याळासारखा टकटक आवाज तेवढा येत होता. त्या पुस्तकाची दुसरी प्रत मीं कोठेंहि ठेवलेली नव्हती. तिसऱ्या दिवशीं गुरुजी आले, बाकावर बसले आणि म्हणाले, “अहो, तुमचें यंत्र माझ्याहून म्हातारें झालेलें दिसतें.” ते हंसले, मला मात्र वर पाहवेना. एका बाईनें उन्हातान्हांत हिंडून वेंचलेलें धन माझ्या स्वाधीन होतें, आणि मीं तें मोडक्या पेटींत ठेवलें होतें.

दैव बलवत्तर म्हणून एका जाणत्या कारागिरानें त्या तबकडीवरचा मजकूर काढून दिला. तरी काम संपलें नाहीं. नव्या यंत्रावर तें पुस्तक उघडलें, तों ओव्यांच्या जागीं रोमन अक्षरांची खिचडी! याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. जुन्या पद्धतींत देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या खुर्च्यांवर बसविलेले असत, आणि प्रत्येक कंपनीची बसविण्याची तऱ्हा निराळी असे. युनिकोड या जागतिक पद्धतींत प्रत्येक वर्णास स्वतःची खुर्ची आहे. तींत देवनागरीस १९९१ च्या पहिल्याच आवृत्तींत स्थान मिळालें, आणि विंडोजवर तिची सोय २००० सालापासून झाली. विंडोजबरोबर येणारें ‘मंगल’ हें अक्षरवळण तर आपल्या रघुनाथ कृष्ण जोशी यांच्या हातचें. म्हणजे वाट केव्हांच तयार झाली होती. चाललों नव्हतों तो मीच.

जुन्याचें नव्यांत रूपांतर करणारे कार्यक्रम मिळतात. पण पहिली वेलांटी डोळ्यांना व्यंजनाआधीं दिसते, म्हणून जुन्या पद्धतींत ती आधीं नोंदली जाई. युनिकोडांत ती उच्चाराप्रमाणें व्यंजनानंतर नोंदतात. रफाराचें नेमकें उलट. त्यामुळें रूपांतरांत वेलांट्या आणि रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसतात. गुरुजींनीं जुनी छापील प्रत मांडीवर घेऊन ओळ अन् ओळ ताडून पाहिली. त्या प्रतींत एका ओवीभोंवतीं त्यांच्या पत्नीनें पेन्सिलीनें वर्तुळ काढून ठेवलें होतें. तेथें माझीच २००६ सालची चूक होती. ती सोळा वर्षांनीं दुरुस्त झाली, आणि पुस्तक श्राद्धाच्या आदल्या दिवशीं हातीं आलें.

या अनुभवानें मीं जें धडे घेतले, ते आपणांसमोर ठेवतों. पहिला धडा मला रोजच्या लोकलनें दिला. मुंबईंत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं धांवली, ती १५०० व्होल्टांच्या एकदिश प्रवाहावर. पुढें रेल्वेनें २५,००० व्होल्टांचा प्रत्यावर्ती प्रवाह आणावयाचें ठरविलें, तेव्हां गाड्या बंद ठेवून तारा बदलल्या काय? नाहीं. दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या आणल्या आणि एकेक टप्पा बदलत नेला. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर हें काम २०१५ सालीं पुरें झालें, हार्बर मार्गावर २०१६ सालीं. आपणहि तसेंच करावें. जुनें यंत्र चालतें आहे तोंवर नवें शेजारीं आणून ठेवावें आणि रोज थोडें थोडें सामान हलवावें. जुनें बंद पडल्यावर हलवावयास निघालों, तर मध्यें पूल नसतो.

दुसरें, जुनें यंत्र ठेवावयाचेंच असेल, तर त्याचें इंटरनेट तोडावें. तें एकांतवासांत बरीच वर्षें सुखानें काम करील. बँकेचे व्यवहार, पत्रव्यवहार, विजेचें बिल भरणें, हें त्याच्यावर करूं नये. त्याला लावावयाचा पेन ड्राइव्ह आधीं नव्या यंत्रावर तपासून घ्यावा. तिसरें, महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रति असाव्या आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. २६ जुलै २००५ रोजीं कल्याण-डोंबिवलींत ज्यांच्या तळमजल्यांत पाणी शिरलें, त्यांना याचें कारण सांगावयास नको. चौथें, प्रत्येक पुस्तकाची एक पी.डी.एफ. प्रतहि ठेवावी, अक्षरें बदलतां आलीं नाहींत, तरी तीं वाचतां तरी येतील.

आतां कोणी विचारील, कंपनीनें तारीख ठरविली म्हणून धडधाकट यंत्र भंगारांत कां घालावें? प्रश्न रास्त आहे. विंडोज ११ ला सुरक्षेची एक विशिष्ट चकती आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळें चांगलीं चालणारीं पुष्कळ यंत्रें तिच्या दारांतूनच परत जातात. विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांस दुरुस्त्यांची आणखी एक वर्षाची, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, वाढीव सोय देण्यांत आली. पण वाढीव मुदत हीहि मुदतच. अशा यंत्रांसाठीं लिनक्स हा एक चांगला आसरा आहे. ही प्रणाली विनामूल्य मिळते, जुन्या यंत्रावरहि हलकेपणानें चालते, आणि मराठी लिहिण्याची सोय तींत आहे. आपल्या देशांत सी-डॅकनें ‘बॉस’ नांवाची तिची भारतीय आवृत्ति तयार केली आहे. माझ्या दुकानांतला दुसरा जुना संगणक आज लिनक्सवर आहे आणि माझी नात त्याच्यावर शाळेचे निबंध लिहिते. मात्र लिनक्सच्या प्रत्येक आवृत्तीलाहि मुदत असते, हें विसरूं नये. फरक इतकाच कीं, पुढची आवृत्ति घेण्यास पैसे पडत नाहींत आणि सहसा यंत्र टाकावें लागत नाहीं.

शेवटीं एक विचार सांगून थांबतों. आपल्या पूर्वजांनीं कित्येक शतकें रोजचा व्यवहार मोडी लिपींत लिहिला. पुढें छापखान्यांत बाळबोध रुळली आणि शाळा-कचेऱ्यांतून मोडी गेली. कागद मात्र राहिले. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत त्यांचे ढीग आहेत. शाई उमटलेली आहे, अक्षर स्वच्छ आहे, आणि वाचणारे थोडे आहेत. तरी मोडीचें एक बरें कीं, माणूस ती महिन्या-दोन महिन्यांत शिकूं शकतो. जुन्या संगणकांतला मजकूर नुसत्या डोळ्यांनीं वाचतां येत नाहीं; त्याला त्याचें यंत्र, त्याची प्रणाली, त्याचें लॉक, सर्वच लागतें. आपल्या घरांतहि असें एखादें यंत्र असेल. त्यांत वडिलांच्या आठवणी असतील, आईनें टिपून घेतलेल्या पाककृति असतील, सोसायटीच्या तीस वर्षांच्या सभांचे वृत्तांत असतील. येत्या रविवारीं तें सुरू करून पाहा. सुरू झालें, तर लगेच एक प्रत काढून घ्या. इतकी विनंति करून मी आपली रजा घेतों.