डोळ्यांना खाज की जळजळ?



आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आणि पोटासाठी बँकेत कारकुनी. तरीही मंडळाने आरोग्याच्या विषयावर आम्हाला उभे केले, याचे कारण आमचे काउंटर. पैसे काढायला आलेला माणूस स्लिप भरता भरता डोळे चोळतो आणि म्हणतो, "साहेब, डोळे आले वाटते, तुम्हीच भरून द्या." पुष्कळदा ते डोळे येणे नसतेच. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ पसरली, तेव्हापासून तर डोळा लाल दिसला की साथ, असेच आपण धरून चालतो. साथीचा डोळा बहुधा आधी एक आणि मग दुसरा येतो. पापण्या सकाळी चिकटतात, घरातल्या दुसऱ्यालाही तो लागतो. आज आम्हाला बोलायचे आहे ते कोणाकडून कोणाला न लागणाऱ्या दोन तक्रारींविषयी. एक वावडे, म्हणजे ॲलर्जी. दुसरी डोळ्यांचा कोरडेपणा. दोन्हींत डोळा लाल होतो आणि दोन्हींत पाणी येते. म्हणून घोटाळा होतो.

ओळखण्याची पहिली खूण अगदी साधी आहे. डोळा खाजतो की जळतो, हे स्वतःला विचारावे. चोळल्याशिवाय राहवत नाही अशी खाज असेल तर वावड्याचा संशय घ्यावा. सोबत शिंका, नाकातून पाणी, फुगलेल्या पापण्या असतील आणि घरात कोणाला दमा किंवा अंगावर पित्त उठण्याची खोड असेल, तर तो संशय पक्का होत जातो. उलट जळजळ होते, वाळूचा कण गेल्यासारखे खुपते, सकाळी बरे असते आणि दिवस कलेल तसे वाढते, वाचताना दिसणे धूसर होते व पापणी मिटली की क्षणभर स्वच्छ होते, तर तो कोरडेपणा असण्याचा संभव जास्त.

असे का होते तेही थोडक्यात सांगतो. पापणीच्या आत आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ अस्तर असते. त्यातील काही पेशी हिस्टामिन नावाचे द्रव्य साठवून बसलेल्या असतात. ज्याचे वावडे आहे ती धूळ किंवा पराग आत गेला की त्या ते द्रव्य सोडतात, आणि खाज सुटते. कोरडेपणाचे कारण निराळे. अश्रू म्हणजे निव्वळ खारे पाणी नव्हे. त्यात डोळ्याला पाणी धरून ठेवणारा चिकट पदार्थ असतो, आणि वर तेलाचा अतिशय पातळ थर. हे तेल पापण्यांच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून येते. तेल कमी पडले तर पाणी भराभर उडून जाते. पाणीच कमी पाझरले तरी तेच. मग चिडलेला डोळा मधूनच भळाभळा पाणी सोडतो, पण ते टिकत नाही. आमच्या शेजारच्या एका मावशींना डॉक्टरांनी डोळे कोरडे आहेत असे सांगितले, तर त्या आम्हालाच विचारू लागल्या, "काहून जी, माझे डोळे तं सारखे वाहून राह्यले, कोरडे कायचे?" त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, पण डॉक्टरही बरोबर होते.

आपल्या भागात दोन्हींना भरपूर खाद्य आहे. पावसाळ्यानंतर रस्त्याकडेला कंबरभर वाढणारे गाजरगवत घ्या. 1950 च्या दशकात ते पुण्यात प्रथम नजरेस आले आणि तिथून देशभर पसरले. त्याचा पराग कित्येकांना सोसत नाही. कापूस वेचणीच्या आणि जिनिंगच्या दिवसांत रुईची धूळ असते, विहारात आणि देवघरात अगरबत्तीचा धूर. उन्हाळ्यात यवतमाळ जिल्ह्याचा कोरडा वारा डोळ्यातले पाणी अक्षरशः शोषून घेतो. त्यातून आपण कूलरचा झोत सरळ तोंडावर घेऊन झोपतो. त्या कूलरची गवताची जाळी गेल्या वर्षीचीच, बुरशी धरलेली असेल, तर एकाच यंत्रातून दोन्ही तक्रारींची सोय झाली! एकाच माणसाला दोन्ही असू शकतात, हेही ध्यानात ठेवा. आमच्या शाखेतच पाहा. जुन्या खातेवह्यांच्या खोलीत गेले की शिंका आणि खाज. संगणकापुढे पंख्याखाली चार तास बसले की जळजळ. माणूस एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते. मोबाईलवर अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे विशेष ऐकावे.

आता मुख्य गोष्ट. फरक कळला नाही तर बिघडते काय? बिघडते ते औषधात. वावड्यासाठी घेतलेल्या काही गोळ्या अश्रूही कमी करतात. कोरडे डोळे असलेल्या माणसाने त्या घेतल्या तर जळजळ वाढते. याहून मोठा धोका स्टिरॉइडच्या थेंबांचा आहे. चिठ्ठीशिवाय दुकानातून आणलेली बाटली दोन दिवसांत लाली घालवते, म्हणून घरोघरी तीच आवडते. महिनोन्महिने टाकत राहिल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू आणि भिंग गढूळ होऊन मोतीबिंदू होऊ शकतो. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने निघतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. आम्हा कारकुनांना बारीक अक्षर वाचण्याची सवय असते, तीच तुम्ही लावून घ्या. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असे काही छापलेले असेल तर नेत्रतज्ज्ञांनी सांगितल्याशिवाय आणि सांगितलेल्या मुदतीपलीकडे एक थेंबही टाकू नये. आईवडिलांना वाचता येत नसेल तर मुलांनी वाचून दाखवावे.

मुलांचे वेगळे सांगितले पाहिजे. उष्ण व कोरड्या प्रदेशात, साधारण पाच ते पंधरा वयाच्या मुलांना, मुलींपेक्षा मुलग्यांना अधिक, एक हट्टी वावडे होते. डोळ्यातून दोऱ्यासारखी चिकट चिपडे निघतात, उजेड सहन होत नाही, मूल सारखे डोळे चोळते. बहुतेकांचे ते वयात येताना ओसरते. पण तोवरच्या चोळण्याने बुबुळाचा पारदर्शक भाग शंकूसारखा पुढे येऊ शकतो आणि चष्म्याचा नंबर वरचेवर बदलू लागतो. चोळू नकोस म्हणून मारून उपयोग नाही. थंड पाण्याची घडी ठेवावी आणि डॉक्टरांना दाखवावे. लहान मुलाचे डोळे कोरडे, निस्तेज दिसत असतील आणि संध्याकाळी ते चाचपडत असेल, तर मात्र ही अ जीवनसत्त्वाच्या अभावाची खूण असू शकते. तिथे एक दिवसही थांबू नये.

मोठ्यांत कोरडेपणा पन्नाशीनंतर, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांत, तसेच मधुमेह व संधिवात असलेल्यांत अधिक आढळतो. तपासणीला भिण्याचे कारण नाही. गाळणकागदाची एक पट्टी खालच्या पापणीत पाच मिनिटे अडकवून ती किती ओली झाली हे पाहतात. पाच मिलिमीटरही भिजली नाही तर अश्रू कमी, असे समजतात. जर्मन डॉक्टर शर्मर यांनी 1903 मध्ये सांगितलेली ही पद्धत आजही चालते. उपाय म्हणजे कृत्रिम अश्रूंचे थेंब, पापण्यांना कोमट शेक, झोत टाळणे. मध, गुलाबपाणी, एरंडेल यांतले काहीही डोळ्यात घालू नये, मग सांगणारा कितीही जवळचा असो.

फवारणीनंतर डोळा लाल झाला तर खाज की जळजळ हा विचारच करू नका. 2017 च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. औषध डोळ्यात उडाले की स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे डोळा धूत राहावे आणि सरळ दवाखाना गाठावा. दुखणे तीव्र असेल, दिसणे कमी झाले असेल, बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तरीही तेच. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सेवाग्रामला नेत्रविभाग आहे. जाताना घरात वापरलेल्या सगळ्या बाटल्या, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या.